बाळ रडलं की आईची छाती धडधडते, त्यात लाज कसली?

छातीत धडधडतं, हात थरथरतात, घाम फुटतो, दात आवळले जातात. अशा तक्रारी घेऊन पंचविशी-तिशीतल्या बायका माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या फायलीत बहुतेक वेळा एक ईसीजी असतो, एक टूडी इको असतो आणि कोपऱ्यात ‘ॲन्झायटी’ असं खरडलेलं असतं. ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल. ‘हे नेमकं कधी होतं?’ हा प्रश्न मात्र कुणी विचारलेला दिसत नाही. विचारला की ती आधी दाराकडे बघते. सासूबाई किंवा नवरा खोलीत असतील तर गप्प बसते. ते बाहेर गेले की हळूच उत्तर येतं, “बाळ रडायला लागलं की होतं, डॉक्टर.” आणि लगेच पुढचं वाक्य, “मी वाईट आई आहे का?”

नाही. पण नुसतं ‘नाही’ म्हणून माझं समाधान होत नाही. हा प्रश्न तिच्या डोक्यात भरवणाऱ्या सगळ्यांशी मला आज भांडायचं आहे. त्यात घरची मंडळी आली, शेजारपाजार आला, मातृदिनाला फुलांची चित्रं पाठवणारे आले आणि माझे डॉक्टर मित्रही आले.

आधी शरीरात काय घडतं ते समजून घ्या. तान्ह्या बाळाचं रडणं हा साधा आवाज नसतो. खांद्यावर घेतलेलं बाळ कानाशी जोरात रडतं तेव्हा तो आवाज १०० डेसिबलच्या आसपास किंवा त्याच्याही वर जाऊ शकतो. तुमच्या स्वयंपाकघरातला मिक्सर त्यापुढे सौम्य. शिवाय त्या आवाजात एक खरखर असते, भराभर होणारी थरथर असते. सायरन आणि धोक्याच्या भोंग्यात नेमका हाच गुण असतो. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे, धोका ओळखणं हे त्याचं काम. असा आवाज आला की तुम्ही विचार करायच्या आत तो जागा होतो. निरोप मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत जातो आणि ॲड्रिनॅलिन रक्तात उतरतं. ठोके वाढतात, बीपी चढतं, तळव्यांना घाम येतो, मान-खांदे ताठरतात, पोटात गोळा येतो. पाठोपाठ कॉर्टिसॉल वाढतं. अंगावर पाजणारी आई असेल तर ऑक्सिटोसिनही सुटतं आणि नुसत्या रडण्याच्या आवाजाने पान्हा फुटतो. त्याचं आपण किती कौतुक करतो! पण त्याच आवाजाने त्याच शरीरात धडधड सुरू झाली की तिला नावं ठेवतो. पान्हा म्हणजे माया आणि धडधड म्हणजे कमीपणा, ही वाटणी कुठल्या शरीरशास्त्राच्या पुस्तकात आहे?

आणि हे फक्त आईला होत नाही. १९७८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी आई आणि वडील अशा दोघांनाही रडणाऱ्या बाळाची चित्रफीत दाखवली आणि त्यांचं बीपी व त्वचेतल्या घामाचा प्रतिसाद मोजला. दोघांचंही वाढलं. फरक शरीरात नाही, घरात आहे. बाळ रडायला लागलं की बाप ‘जरा खाली जाऊन येतो’ म्हणून चप्पल घालतो, आणि त्याला फार तर चिडका म्हणतात. वाईट बाप म्हणत नाहीत. आई गॅलरीत दोन मिनिटं उभी राहिली तर समोरच्या बिल्डिंगपर्यंत चर्चा होते.

ॲड्रिनॅलिनचं काम काय? लढा किंवा पळा. इथे लढायला समोर शत्रू नाही आणि पळायला वाट नाही. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकदम दाबलेल्या गाडीसारखी अवस्था होते. अशा वेळी डोक्यात भयंकर विचार येतात. ‘याला खाली टाकून द्यावं’, ‘उशी ठेवावी तोंडावर’. ज्या आईला असा विचार येतो ती स्वतःच हादरते, आणि मग आयुष्यात कुणाला सांगत नाही. ताई, असे नको असलेले विचार नवीन आयांमध्ये खूप आढळतात. विचार आल्यावर तुम्हाला भीती वाटते, किळस येते, यातच तुमचं उत्तर आहे. तरीही ते डॉक्टरांना सांगा, कारण वारंवार येत असतील तर त्यावर चांगले उपचार आहेत.

आता बाळ किती रडतं ते पाहू. ब्रेझल्टन नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९६२ साली ८० निरोगी बाळांच्या आयांकडून रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या. दोन आठवड्यांची बाळं दिवसाला साधारण पावणेदोन तास रडत होती, सहाव्या आठवड्यात पावणेतीन तास, आणि मग ते हळूहळू कमी झालं. लक्षात घ्या, ही निरोगी बाळं होती. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही, तरी रडत होती, आणि जास्त करून संध्याकाळी. साधारण तीन-चार महिन्यांत हा काळ सरतो. ‘तुझं दूध पुरत नाही’, ‘तू काहीतरी वातूळ खाल्लंस’, ‘दृष्ट लागली’ हे निष्कर्ष नेमके या दीड महिन्याच्या आसपास बरसतात. त्यातला पहिला तर आईच्या जिव्हारी लागतो. वजन नीट वाढत असेल आणि दिवसाला सहा-आठ वेळा शू होत असेल, तर दूध पुरतंय. विषय संपला.

आपल्याकडची व्यवस्था या वेळापत्रकाशी कशी जुळते ते बघा. सव्वा महिना बाळंतिणीला उठू द्यायचं नाही, शेक-शेगडी, मालिश करणारी मावशी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. यातली शेगडी सोडली तर मला बाकीच्याचं कौतुकच आहे, अळिवात लोह भरपूर असतं. पण सव्वा महिना झाला की मावशी थांबते, माहेरची माणसं आपापल्या कामाला लागतात. सरकारी योजनेत आशाताईंच्या घरभेटीही ४२व्या दिवशी संपतात, त्यानंतरची भेट थेट तिसऱ्या महिन्यात. म्हणजे बाळाचं रडणं शिखरावर पोहोचतं त्याच आठवड्यात सगळे हात काढून घेतले जातात. मग वाकडच्या किंवा विरारच्या फ्लॅटमध्ये सकाळी नऊ ते रात्री नऊ ती आणि बाळ. कायद्याने तिला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, हे चांगलंच आहे. केंद्र सरकारी नोकरीत बापाला १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापासाठी देशात असा कायदाच नाही. मग घरात दुसरी हातांची जोडी येणार कुठून?

“आम्ही नाही का चार-चार मुलं वाढवली? आम्हाला नाही कधी धडधडलं!” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याचं उत्तर पाठ झालं आहे. काकू, तुम्ही वाढवलीत, मान्य. पण एकट्याने नाही. घरात जाऊ होती, नणंद होती, ओट्यावर बसलेली आजी होती, आणि रडणारं मूल या हातातून त्या हातात जात होतं. ज्या बायकांना हे हात नव्हते त्यांनी काय केलं तेही इतिहासात आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या बाळांना अफूची बाळगोळी देऊन झोपवत. कुणाला हौस नव्हती. दुसरा उपाय नव्हता. आणि ‘आम्हाला कधी धडधडलं नाही’ म्हणता, तर तुम्हाला कुणी विचारलं होतं का? तुमच्या वेळी डॉक्टरने, नवऱ्याने, सासूने? मला पासष्टीच्या बाईंनी सांगितलं आहे की पहिल्या मुलाच्या वेळी त्या न्हाणीघरात जाऊन बादलीत पाणी सोडून ठेवत, रडण्याचा आवाज येऊ नये म्हणून. त्यांनी हे चाळीस वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं होतं.

काहींना मात्र हा त्रास इतरांपेक्षा फार जास्त होतो, आणि त्याची कारणं शोधावी लागतात. पहिलं कारण जागरण. झोप मोडलेल्या मेंदूत अमिग्डाला अधिक भडक होतो. त्यात दिवसाला सहा कप चहा असेल तर धडधडीला आमंत्रणच. दुसरं, रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९ ते २१ या काळात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना ॲनिमिया होता. आठ हिमोग्लोबिनवर हृदय आधीच पळत असतं. बाळ रडलं की ते आणखी पळतं.

तिसरं कारण थायरॉइड, आणि इथे मी थोडा थांबणार आहे, कारण हे फार वेळा निसटतं. बाळंतपणानंतर साधारण शंभरातल्या पाच बायकांच्या थायरॉइड ग्रंथीला सूज येते. ती दुखत नाही, बाहेरून दिसत नाही. पहिल्या काही महिन्यांत ग्रंथीत साठलेलं हार्मोन रक्तात सांडतं. हात थरथरतात, ठोके वाढतात, उकडतं, वजन उतरतं, चिडचिड होते. घरचे म्हणतात ‘बाळंतपणानंतर स्वभाव बदलला हिचा’. पुढे काही महिन्यांनी उलटा टप्पा येतो. हार्मोन कमी पडतं, ती सुस्त आणि उदास होते, केस गळतात. तेव्हा म्हणतात ‘आळशी झाली’. एक टीएसएचची तपासणी, साधी रक्ताची. पहिल्या टप्प्यात नेहमीच्या वाढलेल्या थायरॉइडच्या गोळ्या लागत नाहीत, म्हणून नुसता रिपोर्ट बघून कुणी त्या सुरू केल्या तर दोन प्रश्न जरूर विचारा. बाळंतपण कधी झालं हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा, कारण त्याने अर्थ पूर्ण बदलतो.

चौथं कारण बाळंतपणानंतरचं नैराश्य. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर ६ ते ८ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं. जवळपास चौघींत एक. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं ही त्यातली मोठी कारणं, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं हेही. याला मी ‘हार्मोन्स’ म्हणून मोकळा होऊ शकत नाही. आधीचं बाळ गमावलेल्या, बाळ काचेच्या पेटीत असताना दिवस काढलेल्या, किंवा लहानपणी मारझोड सोसलेल्या बाईलाही रडण्याचा आवाज सरळ त्या दिवसांत नेऊन टाकतो.

आता त्या क्षणी करायचं काय? बाळ रडतंय, पाजून झालं, लंगोट बदलला, ताप नाही, अंगावर कुठे काही टोचत नाही, बोटाला केस गुंडाळलेला नाही, आणि तुमच्या कानशिलात ठोके वाजायला लागले आहेत. बाळाला खाली ठेवा. पाळण्यात किंवा जमिनीवरच्या सपाट गादीवर, पाठीवर, आजूबाजूच्या उशा-गोधड्या काढून. दार लोटा आणि दुसऱ्या खोलीत जा. तोंडावर गार पाणी मारा. चार आकडे मोजत श्वास आत घ्या आणि सात-आठ मोजत सोडा. लांब सोडलेल्या श्वासाने व्हेगस नावाची नस ठोके खाली आणते, यात अध्यात्म शोधायची गरज नाही. रक्तात उतरलेलं ॲड्रिनॅलिन काही मिनिटांत ओसरतं. पाच-दहा मिनिटांनी परत या.

“एवढा वेळ रडू द्यायचं? काळीज आहे का दगड?” असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. पोट भरलेलं निरोगी बाळ दहा मिनिटं रडल्याने त्याला काहीही होत नाही. बेंबी बाहेर येत नाही, फुप्फुस फाटत नाही. पण भान सुटून त्याला दंड धरून पाच सेकंद गदागदा हलवलं तर आयुष्यभराचं नुकसान होऊ शकतं. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान लेचीपेची असते. जोरात हलवलं की मेंदू कवटीत हिंदकळतो, वरच्या बारीक शिरा तुटतात, रक्तस्राव होतो, डोळ्यांच्या पडद्यावर रक्त साकळतं. ब्रिटनमधले न्यूरोसर्जन गथकेल्च यांनी १९७१ मध्ये हे दाखवून दिलं. अशी कित्येक बाळं दगावतात, काही आंधळी होतात. पाळण्याच्या झोक्याने किंवा रिक्षाच्या धक्क्यांनी हे होत नाही, ती भीती बाळगू नका. हे होतं ते रागाच्या भरात, आणि ते आईपेक्षा पुरुषांच्या हातून जास्त झालेलं आहे. म्हणून बाळ खाली ठेवून बाहेर जाणारी आई पळपुटी नसते. त्या दहा मिनिटांत ती बाळाचा जीव सांभाळत असते.

काही साध्या युक्त्या. फोमचे इअरप्लग घाला. त्याने आवाज साधारण २० ते ३० डेसिबल कमी होतो, बंद होत नाही. बाळ रडतंय हे कळतंच, फक्त ते डोक्यात घुसत नाही. इअरप्लग घातलेली आई दिसली की ‘हौशी आहे’ म्हणणाऱ्यांनी एक संध्याकाळ तिच्या जागी बसून बघावं. दुसरं, बाळाला छातीशी घेऊन चाला. जपानमधल्या एका अभ्यासात दिसलं की नुसतं धरून बसण्यापेक्षा धरून चालल्याने बाळाचे ठोके लवकर खाली येतात. पाच मिनिटं सलग चालायचं, झोपलं की लगेच न ठेवता पाच-आठ मिनिटं धरून बसायचं, मग ठेवायचं. आणि हे काम बापाला, आजोबाला उत्तम जमतं. सासूबाईंना बीपी असेल, गुडघे धरले असतील, तर सगळा भार त्यांच्यावरही टाकू नका. त्यांचंही हृदय त्याच बनावटीचं आहे.

घरच्यांनी काय करावं हे एका वाक्यात सांगतो: बाळ तिच्या हातून घ्या आणि तोंड बंद ठेवा. ‘दे इकडे, तुला काही जमत नाही’ हे म्हणत घेतलेलं बाळ तिला विश्रांती देत नाही.

बाळाला झोपवायला औषध देऊ नका. बाळगोळी गेली, पण तिची जागा सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या सिरपने घेतली आहे. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. घुटीत जायफळ भरपूर उगाळणंही धोक्याचं, त्याने गुंगी येते. आणि बाळाला ताप असेल, उलटी हिरवी असेल, शीतून रक्त पडत असेल, जांघेत गाठ आली असेल, किंवा रडणं नेहमीपेक्षा वेगळं आणि न थांबणारं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि तडक डॉक्टरकडे जा.

आईच्या बाबतीतही थांबू नये अशी वेळ असते. बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप लागत नाही, जगावंसं वाटत नाही, कुणाचे आवाज ऐकू येतात, किंवा ‘हे बाळ माझं नाहीच’ असं काही ती बोलू लागते. ती आणीबाणी आहे, त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि तोवर तिला व बाळाला एकटं सोडू नका. एरवी बोलायला कुणी नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. औषध लागलंच तर अंगावर पाजणं बंद करावं लागेल या भीतीने बायका येत नाहीत. नैराश्यावरच्या सर्ट्रालिनसारख्या गोळ्या दुधात अगदी थोड्या उतरतात, बहुतेक आयांना पाजत पाजत उपचार घेता येतात.

राहिले माझे व्यवसायबंधू. एडिनबर्ग प्रश्नावली १९८७ पासून उपलब्ध आहे. दहा प्रश्न, पाच मिनिटं. सहाव्या आठवड्यात प्रत्येक बाळ पेंटा आणि पोलिओसाठी दवाखान्यात येतंच. आपण बाळाचं वजन करतो, डोक्याचा घेर मोजतो, आणि ज्या हातांनी त्याला आणलं ते थरथरतात का हे बघतही नाही.

तेव्हा ताई, दीड महिन्याच्या डोसला जाल तेव्हा डॉक्टर विचारतील याची वाट बघू नका. बाळाचं वजन झालं की सरळ म्हणा, “डॉक्टर, बाळ रडलं की मला धडधडतं आणि हात थरथरतात. माझं हिमोग्लोबिन आणि टीएसएच तपासायचं आहे, आणि दोन मिनिटं एकटीने बोलायचं आहे.” बरोबर आलेल्यांना बाळ घेऊन बाहेर बाकावर बसू द्या.